लॅपटॉप सुरू करताना 'एसीपीआय बायोस एरर'च्या ओळी येतात, मशीन जाणार का?

घाटाखालचा | रविवार, रात्री १०:५०

मंडळी नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहितोय, चुकीच्या सदरात टाकलं असेल तर सांभाळून घ्या. लॅपटॉप समोर ठेवून मोबाईलवरून टाईप करतोय आणि मोबाईलचा कीबोर्ड मराठी, त्यामुळे स्क्रीनवरचं इंग्रजी पण देवनागरीतच येणार आहे, वाचून घ्या.

तर लॅपटॉप २०१६ चा आहे. इंटेल आय-फाइव्ह सहावी पिढी, ८ जीबी रॅम. विंडोज १० चा सपोर्ट २०२५ मधे १४ ऑक्टोबरला संपला आणि ११ साठी आठवी पिढी लागते म्हणे, म्हणून भाच्याने त्यात एसएसडी टाकून लिनक्स मिंट २२ करून दिलं. जुनी हार्डडिस्क फेकायची नव्हती, त्यात २००९ पासूनचे घरातले सगळे फोटो आहेत, ती डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्या जागी कॅडीत (डिस्क धरून ठेवणाऱ्या चौकटीत) बसवली. हे सगळं करून भाचा पुण्याला गेला आणि मी इकडे एकटा.

मशीन छान पळतंय, त्याबद्दल तक्रार नाही. पण बटण दाबलं की मिंटचा लोगो यायच्या आधी काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या ओळी येतात आणि दीडदोन सेकंदात जातात. वाचता येत नाहीत म्हणून मोबाईलने व्हिडिओ काढून थांबवून थांबवून वाचल्या. 'एसीपीआय बायोस एरर', पुढे कंसात 'बग', मग 'कुड नॉट रिझॉल्व्ह सिम्बॉल' आणि तिरक्या रेघेनंतर काहीतरी एसबी पीसीआयझिरो आरपी झिरो-नाइन वगैरे, शेवटी 'एई नॉट फाउंड'. मग 'अबॉर्टिंग मेथड'. अशा मिळून नऊ ओळी. दहावी 'एसजीएक्स डिसेबल्ड बाय बायोस'.

भाच्याला फोन केला, तर त्याने टर्मिनलमधे सुडो डीमेसेज टाकायला लावलं (सुरू झाल्यापासूनचे सगळे मेसेज त्यात दिसतात म्हणे) आणि तिथे तर लालच लाल. त्यात एक 'एमडीएस सीपीयू बग प्रेझेंट अँड एसएमटी ऑन, डेटा लीक पॉसिबल'. डेटा लीक म्हटल्यावर बायकोने नेटबँकिंग बंद करायला लावलंय. बाकी 'एटीए टू' म्हणून खाली चारपाच ओळी आहेत, हार्ड रीसेटिंग लिंक वगैरे, ते बहुतेक सुरू होताना डिस्क चेक करत असेल, ते असू दे.

बायोस खराब झालाय का? मदरबोर्ड जाणार का? गावातला रिपेअरवाला बघायच्या आधीच 'बोर्ड बदलावा लागेल' म्हणाला.

---

रात्रपाळी | रविवार, रात्री ११:१५

ग्रबमधे (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) एसीपीआय इक्वल टू ऑफ टाका. एक ओळ येणार नाही. मी तेच केलंय.

---

टर्मिनलवाली | रविवार, रात्री ११:३२

@रात्रपाळी अरे बाबा असं सांगू नकोस नवीन माणसाला. बॅटरी, फॅन, पॉवर बटण हे सगळं बायोसकडून समजून घेऊन सांभाळायची पद्धत म्हणजे एसीपीआय. ते ऑफ म्हणजे घरात बेल फार वाजते म्हणून मेन स्विच पाडण्यातला प्रकार झाला. बॅटरी किती उरली ते कळणार नाही, शटडाउन केल्यावर मशीन तसंच चालू राहील आणि बटण दाबून धरावं लागेल, आणि आजकालच्या मशीनमधे कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, किती कोर आहेत ते पण एसीपीआयच्याच टेबलातून कळतं, ते बंद केलं की बऱ्याचदा चारातला एकच कोर चालतो. तुझं मशीन हळू का चालतं विचारत होतास ना मागे??

@घाटाखालचा काका, बोर्ड वगैरे काही बदलू नका. त्या नऊच्या नऊ ओळी निरुपद्रवी आहेत. काय होतं सांगते.

बायोस म्हणजे मदरबोर्डवरच असलेला, मशीन सुरू करणारा प्रोग्राम. त्याच्या आत एक टेबल असतं, डीएसडीटी म्हणतात त्याला. या मशीनला फॅन कुठे आहे, बॅटरीला कसं विचारायचं, झाकण बंद केल्यावर काय करायचं, कुठल्या पीसीआय पोर्टला काय जोडलंय, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. नुसतं लिहिलेलं नाही, तो एक छोटा प्रोग्रामच असतो आणि कर्नल सुरू होताना तो वाचून चालवतो. लॅपटॉप बनवणारे काय करतात, की दहा मॉडेलसाठी एकच टेबल लिहितात आणि थोडंफार इकडेतिकडे करून सगळ्यांत कोंबतात. एका मॉडेलला वेगळं ग्राफिक्स कार्ड असतं, दुसऱ्याला नसतं, पण टेबलात त्याचा उल्लेख तसाच राहतो. तुमच्याकडे ते आरपी झिरो-नाइन लिहिलंय ना, आरपी म्हणजे रूट पोर्ट, आतलं कार्ड वगैरे जोडायची जागा. नववा रूट पोर्ट तुमच्या मॉडेलला बहुतेक दिलेलाच नाही.

म्हणजे पोस्टमनकडे पत्र आलंय 'बी विंग, ४०४' आणि सोसायटीत बी विंग बांधलीच नाहीये. तो गेटवर उभा राहून ओरडतो, पत्ता सापडत नाही, परत नेतोय. एई नॉट फाउंड म्हणजे पत्ता सापडत नाही, अबॉर्टिंग मेथड म्हणजे परत नेतोय. ए विंगमधे राहणाऱ्या तुम्हाला काय फरक पडतो? काही नाही. आणि त्या ओळीतच 'बायोस एरर' असं स्पष्ट लिहिलंय, म्हणजे कर्नल सांगतोय की घोटाळा माझा नाही, मला दिलेल्या कागदात आहे.

एसजीएक्स ही इंटेलच्या प्रोसेसरमधली एक सोय होती, प्रोग्रामला मेमरीचा एक कुलूपबंद कोपरा द्यायची. सहाव्या पिढीत आली आणि पुढे घरगुती प्रोसेसरमधून इंटेलनेच काढून टाकली. तुमच्या बायोसमधे ती बंद आहे एवढंच. बंदच राहू दे.

नेटबँकिंगचं उद्या लिहिते, झोप आलीये.

---

घाटाखालचा | सोमवार, सकाळी ७:०५

ताई खूप खूप धन्यवाद, बी विंगचं लगेच समजलं, आमच्याकडे खरंच सी विंग आहे आणि बी नाही. (काका म्हणालात ते चालेल, बावन्न झालीत.)

पण एक शंका. हे टेबल जर पहिल्यापासून असंच आहे, तर विंडोज होतं तेव्हा नऊ वर्षांत एकदाही का नाही दिसलं? म्हणूनच मला वाटलं की लिनक्स टाकताना काहीतरी बिघडलं. आणि भाचा म्हणतो ग्रबमधे 'क्वाएट स्प्लॅश' लिहिलेलं आहे, म्हणजे गप्प बस असंच सांगितलंय, तरी का बडबडतं?

---

जुना_पेंटियम | सोमवार, सकाळी ९:४०

चांगला प्रश्न आहे. विंडोजलाही तेच टेबल मिळतं, पण ते अशी चूक स्क्रीनवर छापत नाही, गपगुमान पुढे जातं. बहुतेक लॅपटॉप विंडोजवर टेस्ट होऊन बाजारात येतात, ते चाललं की पुढचं कोण बघतो. एसीपीआय ही भानगडच मुळात १९९६ मधे इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबाने मिळून काढली, तेव्हा लिनक्स पाच वर्षांचं पोर होतं. अजून एक मजा सांगतो, बायोस सुरुवातीला विचारतं की बाबा तू कोण, आणि लिनक्स कर्नल चक्क 'मी विंडोज' असं उत्तर देतो! खोटं नाही सांगत. आधी कधीतरी खरं उत्तर द्यायचा, पण मग बायोसवाले लिनक्ससाठी वेगळी वाट लिहायचे आणि ती कोणी टेस्टच केलेली नसायची, त्यापेक्षा विंडोज म्हणून घुसलेलं बरं असं ठरलं. एवढं करूनही कागद चुकलेला असला की ओरडणार.

आता क्वाएटचं. कर्नलच्या प्रत्येक मेसेजला ० ते ७ असा दर्जा असतो. ० म्हणजे मेलो रे मेलो, ७ म्हणजे प्रोग्रामरसाठीची बडबड. एरर ३ वर, वॉर्निंग ४ वर. क्वाएट लिहिलं की ४ च्या खालचं, म्हणजे ० ते ३ एवढंच स्क्रीनवर येतं. एसीपीआयचे हे मेसेज ३ दर्जाचे आहेत म्हणून ते क्वाएटमधूनही निसटतात, आणि स्प्लॅशचा लोगो यायला अजून वेळ असतो, तेवढ्या फटीत तुम्हाला दिसतात. तुमचा एमडीएसवाला मेसेज ४ चा आहे, बघा, तो स्क्रीनवर नव्हता, डीमेसेजमधेच सापडला.

नकोच असतील तर ईटीसीमधल्या डिफॉल्ट फोल्डरात ग्रब नावाची फाईल आहे, तिथे क्वाएट स्प्लॅशच्या पुढे एक स्पेस सोडून लॉगलेव्हल इक्वल टू ३ लिहायचं, सेव्ह करून सुडो अपडेट-ग्रब. मग ३ च्या खालचेच येतील. मेसेज मरत नाहीत, नुसते स्क्रीनवर येत नाहीत, डीमेसेजमधे राहतात. आणि एकदा लॅपटॉपवाल्याच्या साईटवर नवीन बायोस आहे का बघा, क्वचित त्यात टेबल दुरुस्त केलेलं असतं. पण नुसत्या या ओळी घालवायला बायोस फ्लॅश करू नका, मधेच लाईट गेली तर मग खरंच बोर्ड बदलावा लागेल.

पण दादा, मला तुमच्या त्या नऊ ओळींत काडीचा रस नाही. तुम्ही शेवटी 'ते असू दे' म्हणून जे सोडून दिलंत ते काय आहे? एटीए टू, हार्ड रीसेटिंग लिंक. सुरुवातीला डिस्क तपासताना असं येत नाही. त्या चारपाच ओळी जशाच्या तशा टाका, आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला चौकटी कंसात जो आकडा आहे तो पण. तो आकडा म्हणजे कर्नल सुरू झाल्यापासूनचे सेकंद.

---

देबियनभक्त | सोमवार, सकाळी ११:२०

निरुपद्रवी मेसेजवरून आठवलं, माझं पण ऐका.

माझ्याकडे डेबियनवर कित्येक महिने 'डायरेक्ट फर्मवेअर लोड फॉर रेग्युलेटरी डॉट डीबी फेल्ड विथ एरर मायनस टू' यायचं. मायनस टू म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, फाईल सापडली नाही. कुठल्या देशात वायफायचे कुठले चॅनल चालतात त्याची ती यादी, वायरलेस-रेगडीबी नावाचं पॅकेज टाकलं की येते. नसली तर कार्ड जगभर चालेल असा सावध हिशोब धरून चालतं, नेट चालतंच. मला घरी काही फरक पडला नाही, पण पॅकेज टाकल्यावर ओळ गेली एवढं खरं.

दुसरा किस्सा मात्र जड गेला. ऑफिसातल्या एका लॅपटॉपवर 'पीसीआयई बस एरर, सिव्हिअरिटी करेक्टेड' यायचं. करेक्टेड म्हणजे चूक झाली आणि हार्डवेअरनेच ती निस्तरली, डेटा शाबूत. सगळीकडे वाचलं की निरुपद्रवी आहे, दुर्लक्ष करा. केलं. तीन आठवड्यांनी लॉगिनच होईना. रूट पार्टिशन शंभर टक्के भरलेलं! सेकंदाला शेकड्याने तीच ओळ लॉगमधे जात होती, सिसलॉग आणि कर्न लॉग मिळून ४० जीबीच्या वर फाईल झालेली, लाइव्ह पेनड्राइव्हने बूट करून ती रिकामी करावी लागली. माझ्या केसमधे वायफाय कार्ड वीज वाचवायला लिंक झोपवायचं आणि उठताना अडखळायचं, पीसीआयई-एएसपीएम इक्वल टू ऑफ केल्यावर थांबलं, बॅटरी थोडी कमी टिकते. लोक पीसीआय इक्वल टू नोएईआर टाकतात, त्याने फक्त तोंड बंद होतं, अडखळणं तसंच राहतं. मेसेज निरुपद्रवी होता हो, पण त्याची संख्या नव्हती.

एसीपीआयचं पण तसंच. सुरू होताना नऊ ओळी येऊन गप्प बसलं तर सोडून द्या. पण दिवसभर येत राहिल्या, फॅन उगाच घोंगावायला लागला आणि टॉपमधे (चालू प्रोग्रामची यादी दाखवणारी कमांड) केवर्कर नावाची कर्नलची प्रोसेस एक अख्खा कोर खाताना दिसली, तर मग ती बी विंगची गोष्ट नाही राहिली.

---

रात्रपाळी | सोमवार, दुपारी १:१०

@टर्मिनलवाली आत्ता चेक केलं. एनप्रॉक (किती कोर चालू ते सांगणारी कमांड) टाकलं तर १ आला. एक!! चार कोरचं मशीन दीड वर्ष एका कोरवर चालवतोय मी आणि क्रोमला शिव्या घालतोय. बॅटरीचा आयकॉन कुठे गेला म्हणून पण शोधत होतो, वाटलं थीममुळे गेला असेल.

काढलं ते ऑफ. मेसेज आले परत तेरा ओळी. येऊ देत.

---

टर्मिनलवाली | सोमवार, दुपारी १:२५

@रात्रपाळी 😂😂 थीममुळे!

@घाटाखालचा नेटबँकिंग चालू करा काका. एमडीएस ही इंटेलच्या प्रोसेसरमधली खोट मे २०१९ मधे जाहीर झाली, त्याच्या आधी जानेवारी २०१८ मधे मेल्टडाउन आणि स्पेक्टर आलेलं, त्याच घराण्यातली. एका कोरवर दोन धागे चालवतात त्याला एसएमटी म्हणतात, एका धाग्यावरच्या प्रोग्रामला शेजारच्या धाग्याच्या डेटाचे तुकडे हेरता येऊ शकतात अशी ती भानगड. कर्नल त्याच्यावरचा उपाय लावतो, एसएमटी चालू असेल तर थोडी फट उरते म्हणून सांगून ठेवतो. एकाच मशीनवर दहा अनोळखी गिऱ्हाइकांचे सर्व्हर चालवणाऱ्याने याची काळजी करायची. घरच्या लॅपटॉपवर अपडेट वेळेवर टाका, इंटेल-मायक्रोकोड पॅकेज (प्रोसेसरच्या दुरुस्त्या त्यातून येतात) आहे ना बघा (मिंटमधे बहुतेक असतंच), ब्राउझर नवा ठेवा, झालं. 'पॉसिबल' लिहिलंय, लीक झालाय असं नाही. काकूंना सांगा की बँकेचा ओटीपी कुणाला फोनवर न सांगणं याच्यापेक्षा शंभरपट महत्त्वाचं आहे.

---

घाटाखालचा | सोमवार, रात्री ९:१५

बँकिंग चालू झालं. @जुना_पेंटियम तुम्ही म्हणालात तसं बघून लिहितोय, हळूहळू टाईप करतोय, एकेक अक्षर बघून.

एसीपीआयच्या सगळ्या ओळींना ०.३ च्या आसपासचे आकडे आहेत. एसजीएक्स त्याच्याही आधी. नंतर पुढे कुठेच नाहीत.

एटीए टूचं असं: ३८ ला 'एक्सेप्शन', पुढे बरंच काही, मग कंसात 'बॅडसीआरसी'. 'फेल्ड कमांड रीड एफपीडीएमए क्यूड'. मग 'एरर', कंसात 'आयसीआरसी एबीआरटी'. मग 'हार्ड रीसेटिंग लिंक'. हेच परत ४१२ ला, परत ४१५ ला, परत १९०० च्या पुढे दोनदा. आणि ४१५ च्या नंतर 'लिमिटिंग साटा लिंक स्पीड टू १.५ जीबीपीएस'.

आता एक सांगतो, काल सांगितलं नाही कारण संबंध असेल असं वाटलंच नाही. फोटोंचं फोल्डर उघडलं की कधीकधी मशीन असं गप्प होतं, चकरी फिरते, अर्धा मिनिट काही नाही, मग एकदम सगळे फोटो येतात. मला वाटलं लिनक्समधे फोटो हळू उघडत असतील.

---

जुना_पेंटियम | सोमवार, रात्री ९:५०

दादा आधी एक काम करा, बाकी नंतर वाचा. ते फोटो आजच्या आज दुसऱ्या कशावर तरी कॉपी करा. बाहेरची डिस्क, मोठा पेनड्राइव्ह, एसएसडीवर जागा असेल तर तिथे, काहीही. मग पुढचं वाचा.

झालं? आता सांगतो. तुमच्या अख्ख्या यादीत हीच एक ओळ निरुपद्रवी नव्हती आणि नेमकी हीच तुम्ही सोडून दिलीत. तुमची चूक नाही, तिथे बग वगैरे भीतीदायक शब्द नाही, 'रीसेटिंग' वाचलं की वाटतं चाललंय काहीतरी नेहमीचं.

यात 'आयसीआरसी' आलंय ही त्यातल्या त्यात चांगली बातमी. डिस्कवरून निघालेला डेटा मदरबोर्डपर्यंत पोचता पोचता वाटेत खराब झाला, बेरीज जुळली नाही, म्हणून परत मागितला. म्हणजे संशय वाटेवर, वायर किंवा कनेक्टरवर. तिथे 'यूएनसी' असतं तर डिस्कच्या तबकडीवरचंच वाचता येईना असा अर्थ, मग मी तुम्हाला बाकी काही न सांगता नवीन डिस्क आणायला पाठवलं असतं. तुमच्याकडे कर्नल परत परत मागतो, लिंक रीसेट करतो, कमांड अडकली तर ३० सेकंदांची मुदत संपेपर्यंत थांबतो, ते तुमचं अर्धं मिनिट. एवढं करून जमेना म्हणून शेवटी त्याने वेग उतरवून दीड जीबीपीएसवर आणला, खड्ड्याच्या रस्त्यावर आपण गाडी दुसऱ्या गिअरला आणतो तसं. (डीव्हीडीचं पोर्ट काही लॅपटॉपमधे मुळातच दीडचं असतं, पण तुमच्याकडे 'लिमिटिंग' म्हणजे आधी जास्त होतं.)

एटीए टू म्हणजे तुमच्याकडे बहुतेक ती कॅडी. डीव्हीडी ड्राइव्हचा कनेक्टर हार्डडिस्कपेक्षा छोटा असतो, पॉवरच्या सहाच पिना, हार्डडिस्कला पंधरा, म्हणून कॅडीत एक बोटभर पट्टी असते जी एकाचं दुसऱ्यात करते. दोनअडीचशेच्या कॅडीत ती पट्टी कशी असणार विचार करा. शिवाय कॅडी दोन जाडीच्या मिळतात, ९.५ मिमी आणि १२.७ मिमी, कमी जाडीची बसवली तर आत हलत राहते.

मेनूमधे 'डिस्क्स' म्हणून प्रोग्राम आहे, त्यात ती जुनी डिस्क निवडा, वरच्या तीन ठिपक्यांत स्मार्ट डेटा आहे, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद. त्यातले तीन आकडे सांगा: ५ नंबर, १९७ नंबर आणि १९९ नंबर. पाच म्हणजे खराब होऊन बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे बदलायच्या रांगेत असलेले. हे दोन शून्य हवेत. १९९ म्हणजे वाटेत खराब झालेल्या डेटाची मोजणी, तो आकडा कधी कमी होत नाही, फक्त वाढतो, त्यामुळे आज किती आहे ते लिहून ठेवा.

---

देबियनभक्त | सोमवार, रात्री १०:०५

+१. आणि कॅडी काढताना लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर काढून, बॅटरी निघत असेल तर तीही काढून. स्लीपवर ठेवून काढू नका, मी काढलेली.

---

घाटाखालचा | गुरुवार, रात्री ८:३०

मंडळी, उशीर झाला, क्षमस्व. सोमवारी रात्री फोटो कॉपी करायला लावले, १८६ जीबी, मधे मधे अडकत अडकत मंगळवारी दुपारपर्यंत चाललं. मुलीच्या बाहेरच्या डिस्कवर घेतले. एकही फाईल सुटली नाही.

स्मार्टचे आकडे: ५ ला शून्य. १९७ ला शून्य. १९९ ला १३१८.

काल दुकान बंद करून आल्यावर कॅडी काढली. खालचा एक स्क्रू सोडला की बाहेर सरकते. हातात घेऊन हलवली तर आत डिस्क खुळखुळ वाजतेय! डिस्कला बाजूने चार छोटे स्क्रू लावायचे असतात, भाच्याने दोनच लावलेत, बाकीचे दोन पाकिटातच राहिले असणार. त्यामुळे डिस्क त्या पट्टीपासून जरा तिरकी झालेली, एका टोकाला नख जाईल एवढी फट दिसत होती. आणि आमच्याकडे चिपळूणला पावसाळ्यात दमट हवा कशी असते माहितीये, पट्टीच्या पिनांवर काळपट डाग धरलेले. पिना साध्या रबराने हलक्या हाताने पुसल्या, ब्रशने झटकल्या, डिस्क दाबून नीट बसवली. स्क्रू घरात मिळेनात, शेवटी जुन्या मेलेल्या लॅपटॉपच्या डिस्कचे काढून लावले, ते बसले.

बुधवार रात्र आणि आज पूर्ण दिवस चालू ठेवून फोटोंची सगळी फोल्डरं उघडून बघितली. चकरी नाही. डीमेसेजमधे एटीए टूची एकच ओळ, लिंक अप ६ जीबीपीएस. १९९ अजून १३१८ वरच आहे.

भाच्याला फोन करून दोन स्क्रूंबद्दल विचारलं तर म्हणतो दोन पुरतात मामा.

लॉगलेव्हल ३ नाही टाकलं. मुलगी म्हणाली राहू दे, हॅकरच्या लॅपटॉपसारखं दिसतं.

---

टर्मिनलवाली | गुरुवार, रात्री ८:४५

मामा 😂 भाच्याला इकडची लिंक पाठवा.

---

जुना_पेंटियम | गुरुवार, रात्री ९:२०

मस्त काम केलंत. तरी ती कॉपी मुलीच्या डिस्कवरून पुसू नका, डिस्क नऊदहा वर्षांची आहे. १३१८ हा आकडा कागदावर लिहून कॅडीलाच चिकटपट्टीने लावून ठेवा. महिन्याने परत बघा, १३१९ झाला असला तरी कॅडी बदला, दोनअडीचशेचा प्रश्न आहे.

---

रात्रपाळी | गुरुवार, रात्री ११:०२

मी पण माझं १९९ बघितलं. शून्य आहे. पाचला ४८ आहे. हे ठीक आहे ना?

---

देबियनभक्त | गुरुवार, रात्री ११:०४

नाही. आधी बॅकअप घे आणि मग नवीन धागा काढ.